नाळ, मांडव आणि मसण

(मेळाव्याचे दुसऱ्या रात्री जेवणानंतर आपल्या एका कार्यकर्तीने केलेले भाषण. टेपवरून उतरवून घेतले आहे. बोलली तसेच ठेवले, फक्त मधला गोंधळ काढला.)

जोहार.

आयांनो, बाबांनो, दादांनो, आणि मागे अंधारात बसलेल्या आमचे पोरांनो, जोहार.

सकाळपासून आपण दाव्यांवरच बोलतोय. कोणाचा दावा परत आला, कोणी चार एकर कसतो तर मोजणीत वीस गुंठेच आले, कोणाला अजून पावती पण नाय. मला दादाने सांगितले, तू रात्री पुराव्यांवर बोल, तू बारावी शिकलेली, तुला कलमे पाठ. तर मी पुराव्यांवरच बोलणार आहे, पण सुरुवात मयतापासून करणार आहे. जेवण झाल्या झाल्या मयताचे काय काढले असे कोणाला वाटेल, तर माफ करा.

माझा बा वीटभट्टीवर मेला. मी तेव्हा आश्रमशाळेत नववीला होते. दिवाळी झाली की आपले जव्हार-मोखाड्याकडचे निम्मे पाडे रिकामे होतात ते तुम्हाला सांगायला नको. दार ओढून घ्यायचे, कोंबड्या म्हाताऱ्यांकडे सोडायच्या आणि टेंपोत बसायचे. बा आणि आय भिवंडीचे बाजूला एका भट्टीवर होते. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला गेलेले. बाला तीन दिवस ताप होता, चौथे दिवशी पहाटे गेला. आयने मालकाला सांगितले, गाडी द्या, गावाला नेतो. मालक बोलला, गाडीभाडे तुझे खात्यावर लिहू का? आधीचेच फिटले नाय. मग तिथेच खाडीचे कडेला, जागा कोणाची ते पण माहीत नाय, आपले पाड्याचे पाच माणसांनी त्याला जाळला. दुपारी ते पाच जण परत कामावर गेले. आय पण गेली. हंगाम संपेपर्यंत ती थांबली, कारण बाचे नावची उचल आता तिचे नावावर होती.

मे महिन्यात ती घरी आली तेव्हा पदराला हाडे बांधलेली होती आणि हातात एक कच्ची वीट. ही बाने थापलेली शेवटची, असे ती सांगायची. बोटांचे ठसे होते तिच्यावर. खरंच शेवटची होती का, मी कधी विचारले नाय.

आजीने पैसे किती आणले ते विचारले नाय. ती एवढेच बोलली, "त्याला जाळताना नावे कोणी घेतली?"

आमचे घरात मयताचे वेळी वाडवडलांची नावे घेतात. एकेकाला हाक मारायची, की बाबांनो, हा येतोय, याला जागा द्या. आय गप्प बसली. कोणी घेतली नव्हती. पाच दमलेली माणसे, परक्याची जागा, बाजूला मुकादम उभा, कोण नावे घेणार? आजी बोलली, "मग तो अजून तिथेच आहे. त्याला कळत नसेल कुठे जायचे."

शहरातला शिकलेला माणूस याला अंधश्रद्धा म्हणेल. मी पण तेव्हा शाळेत विज्ञान शिकत होते, मला पण तसेच वाटले. पण रात्री पडल्या पडल्या मी विचार केला, की बा खरंच कुठे आहे? आणि मला काही डोळ्यासमोर येईना. मी ती जागा पाहिलीच नव्हती. अजून पाहिली नाय.

मग बाचा दिवस घालायचा होता. नंदुरबारकडचे सोबती आलेत म्हणून सांगते. आमचेकडे दिवस लगेच नाय झाला तरी चालतो, घरात धान्य आले की घालतात. त्या रात्री थाळीवाला बसतो. काशाची थाळी, तिचे मधोमध मेण, मेणात काडी उभी करायची, आणि काडीवरून बोटे खाली ओढायची. असा घूं आवाज निघतो की रडणारे पोर पण गप्प होते. त्याच्यावर तो रात्रभर कथा लावतो. वारल्यांत कामडी येतो. पद्धत वेगळी असेल, काम तेच.

दिवस म्हणजे खर्च. भाऊबंद आले, सोयरे आले, बोकड आला, दारू आली. काकाने काय केले, त्याच मुकादमाकडून पाच हजार उचलले. पुढचे हंगामाला काका-काकू भट्टीवर येतील या बोलीवर. आजीला कळले तेव्हा ती नागली पाखडत होती. ती उठली, काकाचे खिशातून नोटा काढल्या आणि त्याचे हातात परत दिल्या. बोलली, "ज्या भट्टीने माझा पोरगा खाल्ला तिचेच पैशाने त्याचा दिवस? आजचे आज परत देऊन ये." काका चिडला, सोयरे काय म्हणतील बोलला. आजी बोलली, "सोयऱ्यांना भात घालू. बोकड त्यांचे घरी असेल."

आणि तसेच झाले. पाड्यातले प्रत्येक घराने शेर शेर तांदूळ आणला, कोणी उडीद, कोणी भोपळा. कोंबडा घरचा होता. दारू फक्त पानावर धार टाकण्यापुरती. काही सोयरे तोंड वाकडे करून गेले, खोटे कशाला बोलू. थाळीवाल्या बाबाला धोतर आणि धान्य दिले, त्याने पैशाचे नावच काढले नाय. आयला वाटत होते ती वीट बाचे नावाने ठेवावी. आजी बोलली, "वीट नको. नदीचा दगड आणा." आय खूप रडली, पण दगडच बसवला, आज्याचे चिऱ्याजवळ. वीट आमचे घरात चुलीमागे कुडाला टेकून आहे. आय अजून तिला पुसते.

आता पुराव्याचे सांगते.

त्या रात्री थाळीवाल्याने नावे मागितली आणि आजीने सांगितली. सात नावे. बाचा बा, त्याचा बा, असे मागे मागे. नुसती नावे नाय. हा आंब्याखाली जाळला, हा कातळावर, हा ओढ्याचे वळणावर. हिला साप चावला, त्या वर्षी नागली आली नव्हती. हा डोंगरापलीकडून आला आणि इथे पहिले रान फोडले. मी पंधरा वर्षांची, त्या घरात वाढलेली, आणि मला आज्याचे पुढचे एक नाव माहीत नव्हते. शाळेत मला शिवाजी महाराजांचे आजोबांचे नाव माहीत होते.

मग काही वर्षांनी वनहक्क कायदा आला. कायदा 2006चा, नियम 1 जानेवारी 2008ला निघाले. मी गावचे वनहक्क समितीची लिखापढी करायला लागले. आमचे घराचा दावा वरून परत आला, शेरा होता, पुरावा अपुरा. आमचेकडे दंडाची पावती नव्हती. आज्याने दंड कोंबड्या देऊन भरलेला, कोंबडीची पावती कोण देतो? मी तेव्हा नियम काढून नीट वाचले. नियम 13 आहे. त्यात सरकारी कागद, मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, घर, बांधबंदिस्ती, जुन्या संस्थानचे कागद, हे सगळे आहे. पण पुढे वाचा. विहिरी, दफनाची जागा, देवस्थाने अशा जुन्या खुणा, हा पण पुरावा. वंशावळ, हा पण पुरावा. दावेदार सोडून गावातले दुसरे जाणते माणसाचे म्हणणे लिहून घेतले, तर तो पण पुरावा. आणि यातले एकापेक्षा जास्त बघायचे असे नियमातच लिहिलेय.

मी तो कागद हातात धरून बसले आणि मला आजी आठवली. वंशावळ म्हणजे दुसरे काय? त्या रात्री तिने थाळीवाल्याला सांगितली तीच. दफनाची जागा म्हणजे काय? जिथे बाचा दगड आहे तीच. आज्याचा चिरा आमचे शेताचे बांधाला लागून आहे. लाकडाचा आहे, वर चंद्रसूर्य, खाली घोड्यावर माणूस, वाळवीने अर्धा खाल्लाय. पण उभा आहे. म्हणजे आम्ही ज्याला बाबाला गती मिळावी म्हणून केलेले काम समजत होतो, तेच आमचे सातबाऱ्याचे काम करत होते.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, नायतर गोंधळ होतो. आपण आदिवासी, आपल्याला तीन पिढ्यांचा, 75 वर्षांचा पुरावा लागत नाय, ती अट इतरांना आहे. आपल्याला 13 डिसेंबर 2005चे आधीपासून कसतो एवढेच दाखवायचेय. पण साहेब तोंडी विचारतातच, तुम्ही इथले कशावरून? तेव्हा तोंडाने भांडू नका. मसण दाखवा, चिरा दाखवा, म्हाताऱ्याचा जबाब लिहून द्या, समितीचे पंचनाम्यात घाला. आणि वरून नकार आला तर साठ दिवसांत अपील करायचे, एकसष्टावे दिवशी नाय.

आमचे अपील गेलेय. निकाल अजून आला नाय. म्हणून मी जिंकल्याची गोष्ट सांगत नाय.

दोन वर्षांमागे पावसाचे आधी आमचे मसणात चर खोदायला मजूर आले. लावणी करायची होती, सागाची. मजूर पण आपलेच, शेजारचे गावचे, त्यांना काय माहीत. लहान पोरांना आपण जाळत नाय, पुरतो. त्या बाजूचे तीन दगड त्यांनी उपटून ढिगावर टाकले. आमचे पाड्यातली एक बाई, तिची दोन पोरे तिथे आहेत, ती दगडावर जाऊन बसली. काही बोलली नाय, नुसती बसली. मग आम्ही सगळ्या गेलो. साहेब आले, भले होते बोलायला, नकाशा उघडून दाखवला. बोलले, बघा बाई, इथे जंगल लिहिलेय, स्मशान कुठे आहे? खरेच, नकाशावर काही नव्हते. शंभर-दीडशे वर्षे माणसे जळली तिथे आणि नकाशावर एक ठिपका नाय.

म्हणून सगळ्यांनी ऐका. कायद्यात गावचे सोयीसाठी जंगलाची जमीन देता येते, अशी 13 कामे लिहिलीत. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, पाण्याची लाइन, समाजमंदिर वगैरे. त्यात मसण नाय. मी दोनदा मोजले. म्हणून ग्रामपंचायत देईल, शेड बांधेल, याची वाट बघू नका. मसण मागायचे ते सामूहिक हक्काचे दाव्यात. कलम 3(1) मधे शेवटाकडे एक पोटकलम आहे, परंपरेने चालत आलेला दुसरा कोणताही हक्क, शिकार सोडून. तिथे लिहा. आमचे गावची मसणवट, चतुःसीमा अशी, ओढा इकडे, आंबा तिकडे, लहान पोरांची जागा वेगळी, तिथे जायची वाट अमकी, लाकूड आम्ही अमके रानातून आणतो. वाट लिहायला विसरू नका. लाकूड तर अजिबात विसरू नका. उद्या मयताचे लाकूड आणणाऱ्यावर केस होईल.

आता मांडवाचे बोलते. पोरे मागे जागी झाली वाटते.

आमचे आयबाचे लग्न झाले तेव्हा मी चालत होते. मी त्या लग्नात नाचले असे आय सांगते. तुम्ही हसता, पण इथे बसलेल्यांत असे किती असतील? दोघे एकमेकांना पसंत, घर केले, पोरे झाली, आणि लग्न पैसे येतील तेव्हा. आश्रमशाळेत एका मास्तरने मला यावरून वर्गात उभे करून हसवले होते. मला तेव्हा लाज वाटली. आता मला आयबाची लाज वाटत नाय, कारण त्यांनी कर्ज काढले नाय. कर्ज काढून मांडव घातला असता तर बा दहा वर्षे आधीच भट्टीवर गेला असता.

लग्नगडी हा शब्द आपले म्हाताऱ्यांना माहीत आहे. डहाणू, तलासरी, उंबरगावकडे वारली पोरगा लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचा आणि जन्मभर त्याचा गडी व्हायचा. बायको पण त्याबरोबर जायची, पुढे पोरे पण. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मधे हे सगळे लिहिलेय, आपले ऑफिसात ते पुस्तक आहे, कोणीतरी नेलेय ते आणून द्या. मे 1945मधे झरी गावात वारली जमले आणि वेठ आणि लग्नगडी बंद असे ठरले. त्यासाठी लढा झाला. 10 ऑक्टोबर 1945ला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्याचे सोबतचे पडले. म्हणजे आपले लोक नुसते जमिनीसाठी नाय, तर लग्न फुकट करता यावे यासाठी पण मेले. 1976ला वेठबिगारीविरुद्ध कायदा पण झाला. आणि आज आपण काय करतो? लग्नासाठी मुकादमाकडून उचल घेतो. नाव बदलले, गडी तोच.

आणि उचल जाते कशात? नवरीचे साडीत नाय. डीजेत. गाडीवर फुले लावण्यात. पत्रिकेत, ज्यात शंभर नावे आणि ती वाचणारा एक. पूर्वी वारल्यांत सवासिणी तांदळाचे पिठाने कुडावर चौक लिहायच्या, त्यात पालघट देवी, धवलेरी बाई गाणी म्हणून लग्न लावायची. बामण नाय, दक्षिणा नाय. बाईने लग्न लावायचे, हे शहरात आता कुठे सुरू होतेय आणि टाळ्या मिळतात. आपलेकडे ते होतेच आणि आपण लाजून सोडून दिले. तोच चौक आता मोठे हॉटेलचे भिंतीवर दिसतो, आणि आपले पाड्यात लग्न असले की भिंतीवर फ्लेक्स.

मी तारपा सोडून डीजे लावणाऱ्याला शिव्या देत नाय. मला पण डीजेवर नाचता येते. पण आमचे पाड्याने तीन वर्षांमागे ठरवले की लग्नाला प्रत्येक घर तांदूळ देईल, लाकूड आणि मांडव पोरे करतील, एकच दिवस जेवण, आणि लग्नासाठी मुकादमाकडून कोणी पैसा घेणार नाय. पोरे म्हणाली, एक गाणे तरी मोठ्याने. ठीक, रात्री बारापर्यंत टेप. पाच लग्ने तशी झाली. सहावे लग्न समितीचेच एका माणसाचे पोराचे. त्याने सत्तर हजार घातले. मी नाव घेत नाय, तो इथे बसलाय आणि खाली मान घालून हसतोय. पण त्याला आम्ही दंड केला, एक पायली तांदूळ पुढचे लग्नाला. त्याने दिला पण.

जन्माचे थोडेच बोलते, कारण तिथे बाया जास्त जाणतात. माझी नाळ अंगणात पुरलेली आहे, आंब्याजवळ. सुईण आजीने पुरली. आता बाळंतपण दवाखान्यात होते आणि ते चांगलेच आहे. माझी मोठी काकी घरी अडून मेली, कोणी मला जुने चांगले म्हणून सांगू नये. पण दवाखान्यातून पोर आले की म्हाताऱ्या विचारतात, नाळ कुठे? आणि सुनेला वाटते काहीतरी चुकले. तर यावर माझे भावजयीने साधा मार्ग काढला. पोराचे बेंबीला राहिलेला देठ काही दिवसांनी घरीच सुकून पडतो. तो तिने कापडात ठेवला, पाचवीला जमले नाय म्हणून नाव ठेवायचे दिवशी पुरला, आणि त्यावर फणसाचे रोप लावले. आजी अर्धवट खूश झाली. बोलली, फणस कशाला, आंबा लावायचा.

आता जे बोलणार ते काही जणांना आवडणार नाय. दुपारी एका बाबाने मला सांगितले पण, की हे मेळाव्यात काढू नको, बाहेरचे लोक ऐकतात. बाहेरचे ऐकू देत.

बा गेल्यावर काका भगताकडे गेला. भगताने दाणे टाकले आणि बोलला, याला घरचेच बाईने खाल्ले. बोट आमचे चुलत आजीकडे. ती एकटी राहायची, नवरा गेलेला, पोर नाय. दोन दिवस पाड्यात कोणी तिचेकडे पाणी पिले नाय. काका कुऱ्हाड घेऊन फिरत होता, दारू पिऊन. माझे आजीने त्याला सगळ्यांसमोर विचारले, "भिवंडी किती लांब आहे रे? हिचा हात इथून तिथे पुरला, आणि मालकाचा हात जवळ असून त्याने काही केले नाय?" काका गप्प झाला. पण प्रत्येक घरात अशी आजी नसते. एक गाव मला माहीत आहे, तिथल्या बाईला भुताळी ठरवून काढली. ती बहिणीकडे गेली, तिथेच मेली. तिचे दोन एकर आता कोण नांगरतो ते जाऊन बघा. दिराचे पोरे. भगताला दाणे टाकायला कोण घेऊन गेले होते? तेच.

म्हणून मी म्हणते, थाळी राहू दे, नावे राहू देत, चिरा राहू दे, कणसरीची कथा राहू दे. मयतानंतर कोणी खाल्ले हे विचारणे सोडा. विचारायचेच असेल तर असे विचारा, की दवाखान्यात का नेला नाय, गाडी का मिळाली नाय, भट्टीवर डॉक्टर का नव्हता. आणि एकट्या बाईचा दावा आधी भरा. तिचे नावाने. जमीन तिचे नावावर असली की तिला भुताळी ठरवून काही मिळत नाय.

दुसरे, धर्माचे. आपले काही गावांत कोणी प्रार्थनेला जातात, कोणी माळ घालतात. त्यांचे घरी मयत झाले की भांडण, आमचे मसणात आणू नका. गेले वर्षी आमचेकडे मयत चार तास ओट्यावर पडून होते या भांडणात. उन्हाळ्याचे दिवस. मला धर्मातले कळत नाय जास्त. पण मसण गावचे आहे. ज्याची नाळ गावात पुरली त्याला मसणात जागा आहे, मग त्याचे घरात कोणती गाणी म्हणतात ते त्याचे त्याने बघावे. आणि अधिकाऱ्याचे बाजूने विचार करा. दाव्याचे पंचनाम्याला साहेब आले आणि गावातलेच दोन गट मसणावरून भांडताना दिसले, तर साहेब काय लिहील? ग्रामसभेला रूढी-परंपरा जपायचा अधिकार पेसा कायद्याने 1996लाच दिलाय. जपायचा म्हणजे एकमेकांना हाकलायचा नाय.

आमचे पाड्याने अजून एक सुरू केलेय, ते सांगते आणि थांबते. मयत फंड. प्रत्येक घर महिन्याला दहा रुपये. बाहेर कामाला गेलेला कोणी मेला तर गाडी फंडातून, त्याला घरी आणायचे. मालकाचे तोंडाकडे बघायचे नाय. आतापर्यंत दोनदा लागला. एकदा कल्याणहून, एकदा वसईहून. वसईवाला पोरगा एकोणीस वर्षांचा होता. रात्री दोन वाजता गाडी आली, सगळा पाडा जागा होता, बत्त्या घेऊन रस्त्यावर उभा. त्याची आय गाडीचे मागे हात लावून चालत आली. सकाळी नावे घेतली. त्याचे आजीला तीनच आठवली, मग बाजूचे म्हाताऱ्याने चौथे सांगितले, मग कोणीतरी पाचवे. अशी जमली.

आणि हे जमवायचे काम आता आपले आहे, शिकलेल्या पोरापोरींचे. म्हातारे भराभर जातायत. डांगात डाह्याभाई वाढू यांनी थाळीवाल्यांकडून कोकणा रामकथा गोळा करून पुस्तकात आणली. आपल्याला पुस्तक नको लगेच, एक वही पुरे. दोनशे पानी. एका पानावर एक घर. वर पोराचे नाव, खाली बा, खाली आजा, जिथपर्यंत आठवते तिथपर्यंत. बायांची पण लिहा. आमचे आजीने सात नावे सांगितली ती सगळी पुरुषांची, तिची स्वतःची आय कोण ते मी विचारायचे राहिले आणि आजी गेली मागचे पावसात. नावापुढे जागा, कुठे जाळला, कुठे पुरला, चिरा आहे का. शेवटी म्हाताऱ्याचा अंगठा आणि दोन साक्षीदार. त्याची झेरॉक्स दाव्याला लागेल, आणि मूळ वही घरात ठेवा, दिवसाचे रात्री लागेल.

आजीचे मयताला मी नावे घेतली. पोरीने घ्यायची का यावर थोडे झाले, पण दुसऱ्या कोणाला सातही पाठ नव्हती. संघटनेचा झेंडा तिचे अंगावर घालायचा का असे पोरांनी विचारले. ती झेंड्याचे मोर्चाला नेहमी पुढे असायची, पण मला माहीत होते ती काय बोलली असती. झेंडा बाजूला काठीवर लावला, अंगावर तिचे लुगडे.

उद्या सकाळी नाश्त्याआधी प्रत्येक गावचे दोन माणसांनी माझेकडून वही घेऊन जायची, वीस रुपयांची आहे, संघटनेने निम्मे घातलेत, दहा रुपये आणा. आता थाळीवाले बाबा बसतायत, त्यांना मी सांगितलेय की आज मयत नाय तरी कणसरीची कथा लावा. ते बोलले लावतो, पण मेण गावात राहिले. कोणाकडे मेण आहे का? मागे त्या पोराचे हात वर दिसतोय. आण रे इकडे.

जोहार.